चढता न येणारी भिंत

घरं बांधणाऱ्या साहेबांच्या ऑफिसात नकाशे काढण्यात दादाची अठ्ठावीस वर्षं गेली. धाकटा भाऊ दादा म्हणायचा, म्हणून सगळं ऑफिसच दादा म्हणू लागलं. मान दिला तो एवढाच. बढती मागायला त्याची जीभ कधी रेटली नाही.

धाकट्याचं डोकं विसाव्या वर्षीच बिघडलं होतं. घरात जीव गुदमरला की तो मागची भिंत चढून पसार व्हायचा, झाडाझाडांतून चार-पाच तास चालायचा आणि माणसात येऊन परतायचा. औषधांनी व्हायचं नाही ते पायांनी व्हायचं, हे दादाने डोळ्यांनी पाहिलं होतं.

म्हणून मनाच्या आजारांसाठी केंद्र बांधायचं काम आलं, तेव्हा त्याने जन्मात पहिल्यांदा काहीतरी मागून घेतलं. एकही झाड न तोडता त्याने चालायची वाट आखली, कुठेही न अडता थेट मागच्या टेकडीवर निघणारी. साहेब खूश झाले. म्हणाले, "तुझ्या भावाला पहिली खोली."

मग शेजारपाजारचे अर्ज घेऊन आले. वेडे मोकाट सुटले तर आमच्या पोरांचं काय? ज्यांची पोरं दिवसभर रस्त्यावर गाड्या उडवतात, त्यांनाच ही काळजी.

"उंच भिंत घालायची," साहेब म्हणाले. "कोणी चढता कामा नये. तुला यातलं कळतं."

"आणि वाट?"

"आतल्या आत फिरव की. भिंत नाही तर केंद्र नाही. बघ बाबा."

दादाने बघितलं. धाकटा विटांच्या फटीत बोटं रुतवतो, पाइपावर पाय देतो, कोपऱ्यात पाठ टेकून वर सरकतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्याने फटी गिलाव्याखाली बुजवल्या, पाइप लांब नेले, कोपरे गोल केले. इतकं चोख काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. साहेबांनी पाठ थोपटली, तेव्हा त्याला स्वतःची शिसारी आली.

धाकट्याला पहिली खोली मिळाली. पंधरा दिवसांनी दादा भेटायला गेला, तर तो झाडांकडे पाठ करून भिंत चाचपत उभा होता. नखं फुटलेली.

"दादा," तो शांतपणे म्हणाला, "ही भिंत ज्याने आखली ना, त्याच्या घरी माझ्यासारखं कोणीतरी असणार."

"असेल."

"बिचारा."

कोण बिचारा, हे विचारायची दादाची हिंमत झाली नाही.