बर्फावरचा सडा

आमच्या अक्काने आयुष्यात कधी बर्फ घातलेला उसाचा रस घेतला नाही. सोलापूरचा मे महिना, डांबर चपलेला चिकटतंय, रसवंतीवाला सवयीने बर्फाचा तुकडा ग्लासात टाकायला जातो, आणि अक्का ग्लासावर पंजा ठेवते. "बर्फ प्यायचं नसतंय, त्यावर उभारायचं असतंय." बाईंचा घसा नाजूक असावा, अशी त्याची बरीच वर्षं समजूत होती. भवानी पेठेतल्या निम्म्या लोकांना अक्का नेमकं काय खेळायची, हे कधी नीट कळलंच नाही.

अक्का तेलुगू विणकरांच्या घरातली. वडील मागावर, आई विड्या वळायची. शाळेच्या फरशीवर चाकांच्या स्केट्स घालून हॉकी खेळता खेळता ती एका हिवाळ्यात लडाखच्या शिबिरात पोहोचली आणि बर्फावर गोलकीपर झाली. पुढे सीमेवर पहारा देणाऱ्या एका दलाने तिला खेळाडू म्हणून नोकरी दिली. अकरा हिवाळे ती गोलात उभी होती. सुट्टीवर आली की आई एकच विचारायची, "तितं उभारून पाय गार पडत नाहीत का गं?" अक्का दरवेळी खरं तेच सांगायची. "पडतात की."

गुडघा गेला तेव्हा ती परत आली आणि एका बंद पडलेल्या कारखान्यामागच्या काँक्रीटच्या अंगणात आम्हा मुलींना चाकांवरची हॉकी शिकवू लागली. पहिला महिनाभर तिने काय शिकवलं असेल, तर पडायला. पुढे पडायचं, कुशीवर पडायचं, हात कुठे ठेवायचे, हनुवटी कशी आत घ्यायची. मी घरी रडले होते. पडायची कसली फी द्यायची, असं बाबाही म्हणाले. अक्काचं म्हणणं साधं होतं. "पडायचं भ्या गेलं की उभारायचं आपोआप येतंय." माझं भ्या जायला दोन महिने लागले. ती थांबली, आणि एकदाही घाई केली नाही.

गोल म्हणजे दोन विटा. गोलात उभी राहण्याआधी अक्का स्टिकने डावी वीट ठोकायची, मग उजवी. मीही तसंच करायला लागले, तर म्हणाली, "ही माझी सवय हाय. तू तुझी शोध की." मी शोधली नाही. अजूनही मी तिचीच वापरते.

संध्याकाळी सरावाआधी धूळ बसावी म्हणून आम्ही अंगणात सडा मारायचो. त्या वेळी अक्काची एक गोष्ट हमखास ठरलेली. लडाखला खेळाडूच मैदान तयार करतात. सूर्य कलला की बादलीने पाण्याचा पातळ थर ओतायचा, तो गोठला की दुसरा. पहिल्याच संध्याकाळी अक्काच्या हातात बादली आली, आणि भवानी पेठेतल्या मुलीचा हात जिथे जायचा तिथेच गेला. तिने ओंजळीने छान सडा घातला. प्रत्येक थेंब पडला तिथेच गोठला. सकाळी अख्ख्या मैदानाला देवी आल्यासारखे फोड, आणि कोचसकट सगळे धडाधड खाली. ही गोष्ट सांगताना अक्का स्वतःच इतकी हसायची, की तिच्या हातातला तांब्या हिंदकळायचा.

मी अकरावीत असताना त्याच शिबिरासाठी माझं नाव आलं. बाबांनी अट घातली, अक्का सोबत असेल तरच. मला वाटलं, अक्का उड्या मारेल. ती विटा उचलून भिंतीशी ठेवत राहिली आणि म्हणाली, "मी न्हाय येत पोरी. बर्फ बघायचं न्हाय आता मला."

कारण तिने एकाच वाक्यात सांगितलं. शेवटच्या सामन्यात तिला स्ट्रेचरवरून उचलून नेलं होतं. "अकरा वर्षं उभारले, आणि बाहेर आले आडवी."

बरं, मग मीपण जात नाही, एवढंच म्हणाले आणि घरी आले. हट्ट नव्हता तो, तिच्याशिवाय जायची खरोखर भीती वाटत होती. दुसऱ्या दिवशी अक्का आमच्या दारात. बाबांना विचारते, "पोरीला जाड मोजे हायत का? दोन जोड लागतात. मला एकच हाय, माझंपण बघा."

लडाखला पहिल्याच संध्याकाळी मैदानाशी गेलो, तर तेच जुने कोच, पार म्हातारे झालेले, बादली घेऊन उभे. अक्काला पाहताच त्यांनी बादली पाठीमागे लपवली. "ए सोलापूर, तू नहीं." अक्का पोट धरून हसली, आणि मग बादली मागून घेतली. शेवटचा थर तिने ओतला, वाकून, हळूहळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी बाजूला उभी राहून पाहत होते. तिच्या हाताला एकदाही घाई झाली नाही.

सकाळी बर्फ परातीसारखा सपाट होता. अक्का बाकावर बसली, स्केट्स पायात सरकवल्या आणि म्हणाली, "माझ्या नाड्या बांध. गुडघा वाकत न्हाय." मी तिच्या पायाशी बसून नाड्या आवळल्या. ती उठली, सावकाश गोलापर्यंत गेली. डावा खांब ठोकला, उजवा ठोकला. क्षणभर गोलात उभी राहिली. समोर कुणीच नव्हतं. मग तशीच सावकाश परत आली, मैदानाभोवतीच्या कठड्याचा दरवाजा उघडला आणि स्वतःच्या पायांनी बाहेर पडली.

मी पुढे तीनच हिवाळे खेळले, आणि अडवलेल्या गोलांपेक्षा खाल्लेले जास्त भरतील. पण त्या सकाळी दरवाज्याशी मी होते, तिच्या नाड्या मी बांधल्या होत्या, हे भाग्य माझं. अक्काने डोळे पुसले, मला आत ढकललं आणि मागून म्हणाली, "जा आता. पहिलं पडून घे."

मी पडले. अगदी तिने शिकवलं होतं तशी.