मास्तरांचं ‘व्हय’

आमच्या कोपरगावात तेव्हा लग्नाला वाजवणारे दोन बँड होते, लाल कोटांचा आणि निळ्या कोटांचा. लाल बँड अंगावर बैल सोडल्यासारखा वाजायचा. निळा आधी दबा धरायचा आणि मग कानात फुटायचा. दोघांचं हाडवैर, पण दोन्हीकडे पुढे राहून ट्रम्पेट फुंकणारे मास्तर एकच! ज्याची सुपारी आधी, त्याचा कोट अंगात.

मास्तरांच्या तोंडी ‘न्हाई’ हा शब्दच नव्हता. काहीही विचारा, मान हलवून म्हणायचे, “व्हय.”

अशाच दोन ‘व्हय’नी एका दुपारी घात केला. मास्तर लाल कोटात पुढे, मी मागे झांजा वाजवतोय, आणि चौकात समोरून निळ्यांची वरात आली. त्यांचा ढोलवाला टिपरू उगारून धावला.

“मास्तर, आमाला येतो म्हनला हुता न्हवं? थांबा, पुढचे दातच पाडतो!”

दात गेले की ट्रम्पेटवाल्याची फुंक गेली. मास्तरांनी तळहातानं तोंड झाकलं. मी झांजा ढालीसारख्या तोंडासमोर धरल्या.

मग मास्तरांनी लाल कोट काढून माझ्या खांद्यावर टाकला, नुसत्या गंजिफ्रॉकात दोन्ही बँडांच्या मधे उभे राहिले आणि फुंकू लागले. सूर कानावर पडताच दोन्हीकडचे हात सवयीनं चालले. उगारलेलं टिपरूही ढोलावरच पडलं.

गाणं संपलं. ढोलवाला दातओठ खात जवळ आला.

“पुन्यांदा असं कराल?”

मी डोळे घट्ट मिटून घेतले.

“व्हय,” मास्तर म्हणाले.