जवळ जायचं, पण टेकायचं नाही

ठाण्याच्या आमच्या कॉलेजात फिजिक्सला ग्रँट कधी वेळेवर आली नाही. किस्से मात्र अर्ज न करता मंजूर व्हायचे! नव्वदीच्या सुरुवातीचे निम्मे किस्से एकट्या लेले सरांच्या नावावर आहेत.

सरांना पीएचडी करायची होती, तीही प्रकाशाचा नियम मोडून! लेन्स कितीही भारी आणा, फारच जवळच्या दोन रेघा एकच दिसतात. सरांचा उपाय असा: काचेचं बारीक टोक काढायचं, त्याला ॲल्युमिनियमचा मुलामा द्यायचा, टोकाशी नावापुरतं भोक ठेवायचं आणि त्यातून उजेड सोडत ते रेघांच्या अगदी जवळून फिरवायचं. "जवळ जायचं, पण टेकायचं नाही!" हे आम्ही इतक्यांदा ऐकलंय, की स्टाफमधल्या नवऱ्यामुलांनाही तेच सांगायचो.

*

सर त्यासाठी मशीन मागायला गेले, तर प्रिन्सिपल म्हणाले, "लेले, पुस्तकात प्रकाशाला मर्यादा आहे असं दिलंय. तुम्ही ती मोडलीत, तर पोरांनी पेपरात काय लिहायचं?"

*

शेवटी सरांनी मशीन स्वतःच जुळवलं. हादरे बसू नयेत म्हणून टेबल स्कूटरच्या ट्यूबांवर ठेवलेलं. एकदा ऐन प्रयोगात ट्यूब बसली. सर पळत पंक्चरवाल्याकडे.

"गाडी कुठाय?"

"गाडी नाही हो, टेबल आहे."

"बरं. ॲव्हरेज किती देतं?"

*

सर राहायला डोंबिवलीत, एमआयडीसीच्या बाजूला. मुलामा दिलेली टोकं त्यांनी घरी ठेवली आणि आठवड्यात त्यांची पार वाट लागली. सर हळहळत बसले, तर वहिनी म्हणाल्या, "अहो, इथल्या हवेत माझी चांदीची निरांजनं काळी पडतात. तुमच्या टोकाचं काय घेऊन बसलात!"

*

सरांचे गाइड दिवाळीत रिटायर होणार होते. त्याआधी दोन रेघा वेगळ्या दाखवल्या नाहीत, तर सगळी मेहनत पाण्यात. आणि ग्राफवर कायम एकच उंचवटा!

दसरा झाल्यावर गाइड स्वतः बघायला आले. सरांनी मशीन चालू केलं. ग्राफवरचं पेन चढलं, उतरलं, परत चढलं. दोन उंचवटे! सरांच्या डोळ्यांत पाणी. मी पेढे आणायला निघालेलो, तेवढ्यात गाइडनी नमुना साध्या मायक्रोस्कोपखाली धरला.

"लेले, मधे हे लाल काय आहे?"

आमच्याकडे खंडेनवमीला सगळ्या उपकरणांची पूजा व्हायची. विभागप्रमुख दातार मॅडम स्वतः एकेकाला हळदकुंकू लावायच्या. कुंकवाचा कण नेमका मधे बसून उजेड अडवत होता. पुसला, तर परत एकच उंचवटा.

गाइड म्हणाले, "मी चाललो रिटायर व्हायला. मला जमलं नाही ते मॅडमना जमलं. आता त्यांनाच गाइड घ्या!"

आम्हाला फार वाईट वाटलं. हसू आवरत नव्हतं, त्याचं तर जास्तच.

सरांनी नवे गाइड शोधले, पहिल्यापासून सुरुवात केली. पुढच्या खंडेनवमीला मॅडम ताम्हण घेऊन आल्या, तर सर मशीनपुढे हात पसरून उभे.

"मॅडम, जवळ या, पण टेकवू नका!"

मॅडम जवळ आल्या. चिमूटभर कुंकू उचललं आणि सरांच्याच कपाळाला लावलं.