खडकावरचा हमीद

हमीद गेल्याची बातमी मला त्याच्याच फोनवरून कळली. पडद्यावर त्याचं नाव बघून मी म्हणालो, 'बोला खानसाहेब, सकाळी सकाळी काय काम काढलं?' पलीकडे त्याचा मुलगा होता. अब्बा झोपेतच गेले, म्हणाला... मी तसाच निघालो. पायात दोन वेगवेगळ्या चपला आहेत, हे कब्रस्तानात माती देताना लक्षात आलं.

बदनापुरात आम्ही शाळेत एका बाकावर बसलो. पुढे मी मास्तर झालो आणि तो विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायला लागला. हात सोन्याचा, पण नजर कायम आभाळात. पाखरांचं भलतं वेड. गिऱ्हाईक म्हणायचं, जल्दी कर बाबा, पीक वाळून राह्यलंय. हा तांब्याची तार हातात धरून घारीकडे बघत उभा. माझी मुलगी कोकणात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. तिच्या गावाजवळ समुद्रात घुसलेलं कड्याचं एक टोक आहे आणि तिथे समुद्री गरुड दिसतात, असं मी एकदा बोलून गेलो आणि फसलो. त्यानं इतकं डोकं खाल्लं, की दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात आम्हाला जावंच लागलं.

टोकाच्या पुढे एक मोठा खडक होता. सकाळी ओहोटीला मधली दगडगोट्यांची वाट उघडी पडते. भरती लागायच्या आत फिरा, असं मुलीच्या घरमालकानं बजावलं होतं. आम्ही मान डोलावली. पण आम्ही पडलो मराठवाड्याचे! आमच्याकडे नदी उतरली की उतरली, आणि विहिरीचा तळ दिसला की पुढच्या पावसाळ्यापर्यंत बोंब. हमीदनं तर जन्मभर आटलेल्या विहिरींत उतरून मोटारी बाहेर काढल्या होत्या. 'उतरलेलं पाणी त्याच दिवशी वापस येत असतंय का? चल बिनधास्त,' म्हणाला. मला मास्तराला ते बराबर पटलं, ही त्यातली कमाल.

दोन तास मजेत गेले. लाटा फुटून फवारा तोंडावर यायचा आणि मी चष्मा पुसत बसायचो. पांढऱ्या पोटाचा गरुड पायात साप धरून अगदी डोक्यावरून गेला, तेव्हा हमीद लहान पोरासारखा हसला. मी सहज मागे वळलो तर वाट अर्धी बुडालेली. पाणी दोन्ही बाजूंनी येत होतं. आपल्याकडे पाणी कधी दोन बाजूंनी येत नाही हो... 'हमीद, पाणी!' एवढं ओरडून मी पळत सुटलो. त्याचा गुडघा धरलेला होता, तो पळू शकणार नव्हता. हे मला माहीत होतं. कमरेएवढ्या पाण्यात पडत, उठत मी काठाला लागलो आणि मग मागे पाहिलं. तो पार वर, खडकाच्या माथ्यावर बसला होता.

त्या लाटांत होडी घालता येणार नाही, असं कोळ्यांनी सांगितलं. खडक बुडत नाही, दुपारनंतर वाट मोकळी होईल, बसू द्या त्यांना, म्हणाले. मी वाळूत बसून राहिलो. प्यायच्या पाण्याची बाटली माझ्याच गळ्यात होती.

चारच्या सुमाराला तो लंगडत आला, घटाघटा पाणी प्याला आणि म्हणाला, 'सुभ्या, डॉल्फिन पाह्यले. सात होते.' बस्स. बदनापुरात परतल्यावर त्यानं माझ्यादेखत सगळ्यांना सांगितलं, की मास्तर चल चल म्हणत होते, मीच ऐकलं न्हाई, डॉल्फिनसाठी थांबलो. लोक हसले. मी खाली मान घालून चहा पीत राहिलो. दोन वर्षं रोज वाटायचं, आज माफी मागू. रोज त्याच्या दुकानात जायचो आणि तसेच शब्द गिळून परत यायचो.

चाळिसावा झाल्यावर मी त्याच्या बायकोकडे, नसीमभाभींकडे गेलो. त्या हमीदचे सदरे कुणाला तरी द्यायला घडी घालून ठेवत होत्या. मी सगळं सांगून टाकलं. मी त्याला सोडून पळालो, भाभी, आणि तो माझी लाज झाकत राहिला.

त्या शांतपणे म्हणाल्या, 'मालूम है भाऊ. घर आए उसी दिन बोले थे.' त्यांना हे ठाऊक आहे हे मला कधी समजू द्यायचं नाही, असंही त्यानं त्यांना बजावलं होतं म्हणे.

रागावला होता का, मी विचारलं. भाभींनी हातातल्या सदऱ्याची बाही सरळ केली.

'गुस्सा नहीं था. बस एकच बात बोलते थे... मैं पत्थर पर से हात हिला हिला के बोल रहा था, तू निकल जा, मेरी फिकर मत कर. उसने पलट के देखाच नहीं.'