भवानीनगरच्या पुढं बॅटरी संपली

आमच्या मालकांचा, म्हणजे ह्यांचा, एकच डोळा कामाचा. डावा तरुणपणीच उसाच्या पात्यानं कापला, त्यानं उजेड आणि अंधार तेवढा कळतो. त्यामुळं उजव्या डोळ्यापुढं काळं काहीतरी खाली उतरायला लागलं, तेव्हा आमच्या घरात कुणाच्या घशाखाली घास गेला नाही. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय, उद्या सकाळीच ऑपरेशनला या.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी घरी सोडताना डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं. "आजी, डोळ्यात गॅसचा बुडबुडा ठेवलाय. तो वर चढतो आणि पडद्याला जागेवर दाबून धरतो. म्हणून आठ दिवस तोंड खालीच पाहिजे. झोपताना, बसताना, गाडीत पण. आणि मानेला हिसका बसू द्यायचा नाही."

मी विचारलं, "आन् बसला तर?"

"बसू द्यायचाच नाही," ते म्हणाले.

आता अशा उत्तराचं माणसानं काय करायचं, सांगा.

गाडी सुनेची, आणि चालवायलाही तीच. डाळिंबाच्या पॅकिंग शेडचा सगळा कारभार ती बघते. ही गाडी म्हणजे अर्धी विजेची, अर्धी पेट्रोलची. वायर लावून चार्ज करायची, बॅटरी आहे तोवर विजेवर पळते, संपली की आपली आपण पेट्रोलवर जाते. शेडवर सोलर असल्यामुळं आमचं रानात जाणं, निमगावच्या बाजाराला जाणं सगळं विजेवरच. आवाज म्हणून नाही. पेट्रोलचा काटा महिनोन्‌महिने हलायचा नाही, मला त्याचं फार कौतुक.

मागच्या सीटवर ह्यांना बसवलं. मांडीवर दोन उशा, उशांवर कपाळ. मी शेजारी, एक हात त्यांच्या कपाळाखाली, एक मानेवर. बारामती सोडली. सून अशी चालवत होती, की खड्डा आला तरी गाडी त्याला विचारून पुढं जातीय असं वाटावं. ह्यांचं मात्र तोंड चालू होतं.

"पिंपळी गेली का?"

"गेली."

"ऊस कसा हाय?"

"उसाचं तुम्हाला काय करायचंय? खाली बघा."

"खालीच बघतोय की! माझंच दोन पाय दिसत्यात मघापासनं."

भवानीनगर मागं पडलं. कारखान्यावर ऊस टाकून परतणारा एक ट्रॅक्टर पुढं होता, मागं दोन रिकाम्या ट्रॉल्या खडखडत. सुनेनं लांबवर बघितलं, रस्ता मोकळा. ती गाडी बाजूला काढून पुढं जायला निघाली, आणि नेमकी तिथंच बॅटरी संपली.

आधी गाडी मेल्यागत झाली. सुनेनं पाय दाबला तरी पुढं जाईना. मग पुढून घुर्र असा आवाज आला, इंजिन चालू झालं, आणि एकदम असा हिसका बसला की माझा हात पुढच्या सीटवर जाऊन आदळला आणि ह्यांचं कपाळ माझ्या हातावर. परत ढिली पडली. परत हिसका. आम्ही ट्रॉल्यांच्या बरोबर बाजूला, आणि समोरून उसानं भरलेला दुसरा ट्रॅक्टर येताना दिसायला लागला. ऊस दोन्ही बाजूंनी लोंबलेला, रस्ता त्यानंच भरला होता. मी फक्त ह्यांची मान दोन्ही हातांनी धरली, घागर धरावी तशी.

सुनेनं पाय काढला, गाडी ट्रॉल्यांच्या मागं घेतली. तो भरलेला ट्रॅक्टर शेजारून गेला, उसाची पाती काचेवर सटासट वाजली.

"काय झालं?" ह्यांनी खालीच बघत विचारलं.

"काय न्हाय."

"काय न्हाय तर मग मान एवढी का आवळलीस?"

सून घाबरलेली, पण तिनं आवाज शांत ठेवला. "आई, पेट्रोलवर जाताना बारीकसा झटका बसतो, ते मला माहीत आहे. पण असा कधीच नाही. शोरूमवाल्याला आत्ता फोन लावते. कसली गाडी गळ्यात मारली आमच्या!"

गाडी हळू चालली तरी थोड्या थोड्या वेळानं आचके देतच होती. तेवढ्यात एक मोटारसायकलवाला शेजारी आला आणि ओरडला, "ओ ताई, मागं धूर बघा! फवारणी करत चाललाय काय?"

फवारणी म्हटल्याबरोबर मला आमचा कॅन आठवला.

काय झालं होतं, ते सांगते. आमच्या शेडमध्ये फवारणीच्या जुन्या पंपाचा कॅन होता. नवा बॅटरीचा पंप आल्यापासनं तसाच पडून, दिवाळीच्या आधीपासनं. त्यात पेट्रोल होतं. ऑपरेशनला निघायच्या सकाळी सून म्हणाली होती, पेट्रोल कमी आहे, वाटेत टाकू. मी म्हटलं, घरात असताना विकत कशाला? ती ह्यांच्या पिशवीत कपडे भरत होती, तोवर मी गाडीचं झाकण उघडून, नरसाळं लावून अख्खा कॅन ओतला. पेट्रोल ते पेट्रोल. वाया जाऊ द्यायचं नाही, हे लहानपणापासनं अंगात मुरलेलं.

"थांबव गं," मी सुनेला म्हटलं. "शोरूमला फोन नको करूस."

तिनं गाडी कडेला घेतली. मी सगळं सांगितलं. ती माझ्याकडं वळली.

"आई, फवारणीच्या पंपाच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेलं असतं."

"मला काय ठाऊक!"

"आणि इतके दिवस पडून होतं. त्यात पाणीपण धरलं असणार."

ह्यांनी खालनं विचारलं, "किती ओतलंस?"

"सगळं."

ह्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत, तर हसत होते.

"हसू नका, मान हलतीय!" मी किंचाळले, आणि मग मात्र मला रडू फुटलं. काटकसर झाडाला सोसते, सहा महिने खत नाही घातलं तरी डाळिंब तग धरतं. ह्यांचा एकच डोळा, आणि त्याच्यात मी माझी काटकसर ओतली.

पुढचं सुनेनं ठरवलं. बेलवाडीत माझी धाकटी बहीण राहते. त्या ट्रॅक्टरच्याच वेगानं, आचके कमीत कमी बसतील असं, आम्ही तिच्या दारात गेलो. सुनेनं खिडकीतनं वायर आत घेतली, गाडी चार्जिंगला लावली. ह्यांना ओट्यावर बाजेवर पालथं झोपवलं, तोंड बाजेच्या कडेबाहेर. बहिणीनं जमिनीवर चहाचा पेला ठेवून त्यात नळी घातली आणि म्हणाली, "पाव्हणं, आमच्या दारात मान वर करा की. काय चोरी केली का?"

"मी न्हाय केली," हे म्हणाले. "तुझ्या बहिणीला इचार."

चार तास आम्ही तिथं होतो. मग उरलेला रस्ता विजेवर, एकही आचका न देता. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं टाकी मोकळी केली.

ते आठ दिवस मी ह्यांच्या मानेकडं बघत काढले. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी काही विचारायच्या आधी मीच सांगून टाकलं, कॅनपासून ट्रॉलीपर्यंत. त्यांचा चेहरा बदलला.

"आजी, त्याच दिवशी मला फोन करायला हवा होता."

मी भिंत धरली. त्यांनी डोळ्यात उजेड मारून खूप वेळ बघितलं. इतका वेळ, की मी देवाचं नाव घ्यायचंही विसरले.

"पडदा जागेवर आहे," ते म्हणाले. "जरा मान वर करा, आबा."

आठ दिवसांनी ह्यांनी मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"पाण्याखालनं बघितल्यागत. तू हायस. पण रडतीयास का हसतीयास, ते कळंना."

मलाही कळत नव्हतं. पण मी म्हटलं, "हसतेय."