सिद्धार्थचा हाइट पास

विमानाची चाकं धावपट्टीवरून सुटली आणि शेजारी बसलेल्या सिद्धार्थने माझं मनगट घट्ट पकडलं.

"सिस्टर, थांबवायला सांगा. मला उतरायचंय."

मुलांनो, तुम्ही विमानात बसता आणि पट्टा लावेपर्यंत झोपता, म्हणून आधी थोडं समजावून सांगते. मी शिरूरहून रोज कारेगावजवळच्या एका कारखान्यात जायचे. तिथल्या दवाखान्याची नर्स होते. डोक्यापेक्षा उंच चढून काम करायचं असेल तर कामगाराला 'हाइट पास' लागतो. मी बीपी बघायचे, डोळे मिटून एका पायावर उभं करायचे, सरळ रेषेवर चालायला लावायचे. सगळं ठीक असलं की डॉक्टर सही करत. पास नसेल तर माणूस खालीच राहतो. आणि कंत्राटी माणूस खाली राहिला की फार दिवस गेटच्या आत राहत नाही.

सिद्धार्थ इनामगावचा. शेडच्या पत्र्यावर तो अंगणात फिरल्यासारखा फिरायचा. चेन्नईच्या आमच्या प्लांटचं छत दुरुस्त करायचं होतं, म्हणून त्याच्या गँगला विमानाने नेत होते. सोबत मी, आणि सेफ्टी ऑफिसर पेंडसे साहेब. गँगमध्ये विमानात कोणीच कधी बसलेलं नव्हतं.

"आरं सिद्ध्या, चिमणीवर चढतूस आन् खुर्चीत बसून भ्यालास व्हय?" मागच्या सीटवरून आप्पा म्हणाले. ते गँगमधले सगळ्यात वयस्कर. सगळे हसले. पेंडसे साहेब हसले नाहीत. पलीकडच्या रांगेतून ते वाकून बघत होते.

सिद्धार्थचा शर्ट घामाने भिजला होता. श्वास वरच्यावर चालला होता.

"शेडवर भीती वाटत नाही, मग इथे का?" मी विचारलं.

"शेडवर माझा हूक मी लावतो. हितला कुणी लावलाय?"

प्रश्न बरोबर होता. उंचावर काम करणारा माणूस अंगात पट्ट्यांचं हार्नेस घालतो आणि त्याचा हूक पक्क्या दोरीला अडकवतो. तो नीट बसलाय का, हे जोडीदार ओढून बघतो. तोवर पाऊल उचलायचं नाही.

"पुढे दोन पायलट आहेत," मी म्हटलं. "एकाने केलेलं दुसरा तपासतो."

"तोंडानं बोलून?"

"हो. एक विचारतो, दुसरा उत्तर देतो. मगच उडायचं."

"म्हंजी आमच्यावानीच हाय की."

हाताची पकड जरा सैल झाली. मग मी त्याला त्याच्याच कामाच्या नियमाची आठवण करून दिली. शिडीवर दोन हात, दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले हवेत. त्याला ते 'थ्री पॉइंट' म्हणतात. त्याने दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकवले, एक हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवला. माझ्याबरोबर सावकाश श्वास सोडू लागला. थोड्या वेळाने माझा हात सुटला. चहा आला तेव्हा तो स्वतःहून म्हणाला, "सिस्टर, खिडकीची जागा द्याल का?"

मग मात्र तो गप्प बसेना. "आप्पा, ढग बघा, खाली हायेत! आन् आपण वर!" उतरताना विमान हादरलं, तर आप्पांना धीर देणाराही तोच.

सामानाच्या पट्ट्यापाशी पेंडसे साहेबांनी मला बाजूला घेतलं.

"सिस्टर, त्याचा पास कॅन्सल करावा लागेल. उंचीची भीती आहे."

"ती गेली. तेही तुम्ही पाहिलंत."

"पुन्हा येणार नाही, अशी गॅरंटी देता?"

"अशी गॅरंटी कोणाचीच देता येत नाही. उद्या त्याची पुन्हा तपासणी करते. मग तुमच्या देखरेखीखाली चढवा, मी खाली उभी राहते."

"आणि पडला तर? माहीत असून चढवला कसा, हे मला विचारतील."

त्यांनाही भीतीच वाटत होती. पण त्यांची कोणी तपासणी करत नव्हतं. मी आमच्या डॉक्टरांना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "पेंडसे काय म्हणतात?"

पास रद्द झाला. गँग छतावर गेली. सिद्धार्थ खालून नटबोल्ट देत राहिला. परतीचं त्याचं विमानाचं तिकीटही रद्द झालं, 'सेफ्टी'च्या कारणाने. त्याला एकट्याला रेल्वेने दौंडला पाठवलं. विमानात माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

दौंडहून एसटीने येऊन तो दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आला. रद्द झालेला पास टेबलावर ठेवला.

"सिस्टर, आता भ्या वाटत न्हाई. हे कुणाला सांगू?"

मी मॅनेजमेंटला लिहिलं. उत्तर आलं की विषय बंद झाला आहे. पुढच्या कंत्राटात त्याचं नाव नव्हतं.

काही महिन्यांनी तीच गँग पुन्हा विमानाने निघाली. आप्पांचे ओठ पांढरे पडले होते. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले होते.

"आप्पा, बरं वाटतंय ना?"

त्यांनी आधी पेंडसे साहेबांकडे पाहिलं. "येकदम झ्याक, सिस्टर."

बाकीच्यांनीही तेच सांगितलं. साहेबांनी गँग पूर्ण फिट असल्याचं वर कळवलं. माणसं खरं सांगेनाशी झाली की नर्सकडे फक्त बीपीचं मशीन उरतं, आणि ते सगळं सांगत नाही.