बैलानं खाल्लं तर?

"मॅडम, खळ चिकटतच न्हाय!"

शाळेच्या पटांगणात तीन दगडांच्या चुलीवर पातेलं रटरटत होतं. खळ म्हणजे पीठ पाण्यात शिजवून केलेला चिकटा. पूर्वी घरोघरी कागद चिकटवायला हीच वापरायचे. आम्ही ज्वारीच्या पिठाची केली होती. तिनं कागद चिकटायचा, पण बैलांच्या माळांसाठी आणलेलं वाढं काही केल्या चिकटेना. वाढं म्हणजे उसाच्या शेंड्याची हिरवी पात. एक पात बसवली की दुसरी सुटायची. पोळा परवावर आला होता आणि मला घाम फुटला होता.

"काकवी घाला की," तनुजा म्हणाली. "हात धुतला तरी सुटत न्हाय."

काकवी म्हणजे उसाचा रस आटवताना गूळ व्हायच्या आधीचा दाट पाक. आमच्याकडे ती बहुतेक घरात असते. घातली. वाढं असं चिकटलं की ज्याचं नाव ते! मी तनुजाची पाठ थोपटली, म्हटलं, "अगं भवाने, आधी कुठं होतीस?" उसाच्या पट्ट्यात वाढलेली आम्ही सगळी. पुढचं मात्र एकालाही सुचलं नाही.

मी ड्रॉइंग टीचर. राहते बारामतीत. एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या सीएसआर प्रोजेक्टवर काम करते. सीएसआर म्हणजे कंपनीनं नफ्यातला थोडा भाग लोकांसाठी वापरायचा. माझ्या वाट्याला शेळगावच्या बाजूची एक शाळा आली होती आणि विषय होता 'कलेतून पर्यावरण'. या विषयात बहुतेक ठिकाणी काय होतं, सांगू? पोरं दुकानातून नवेकोरे पेपर कप विकत आणतात आणि त्याचं 'टाकाऊतून टिकाऊ' करतात. माझं डोकंच फिरतं. म्हणून मी पहिल्याच तासाला विचारलं होतं, "तुमच्या गावात सगळ्यात जास्त प्लास्टिक कधी दिसतं?"

"पोळ्याला!" सगळा वर्ग ओरडला. शिंगांना चकाकती बेगड, कपाळावर नायलॉनचे गोंडे, गळ्यात प्लास्टिकच्या माळा. पोरं हात नाचवून सांगत होती. मग मागच्या बाकावरून तनुजा उठली. पाचवीतली, बारीक चणीची, दोन वेण्यांची.

"आमच्या मथुऱ्यानं खाल्ली हुती माळ," ती म्हणाली.

मथुऱ्या तिच्या आजोबांचा बैल. आजोबांना सगळं गाव तात्या म्हणतं. पोळा झाल्यावर माळा गोठ्यात काढून ठेवल्या होत्या, त्या त्यानं खाल्ल्या. पोटात गोळा झाला. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, पण बैल वाचला नाही. पुढं तात्यांनी नवी जोडी घेतली, हौशा आणि पाखऱ्या. पण मिरवणुकीला ती कधी नेलीच नाही. पोळ्याला हलगी वाजायला लागली की तात्या गोठ्याचं दार ओढून आत बसतात.

"समद्यांची बैलं वेशीतनं जात्यात. आमचीच न्हाय जात," तनुजा म्हणाली. "मॅडम, एकदा तरी जायला पायजेत."

मी फळ्याकडे वळले आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: बैलानं खाल्लं तर? आपण जे जे करू, त्याला आधी हा प्रश्न विचारायचा. पर्यावरणाचा माझा अख्खा सिलॅबस एवढाच.

मग मक्याची साल आणि वाढं रंगवायचे आमचे दिवस सुरू झाले. पालकाचा हिरवा, बिटाचा गुलाबी, हळदीचा पिवळा. शिंगांसाठी करडईच्या तेलात खललेला गेरू. गोकर्णीची फुलं गरम पाण्यात टाकली की पाणी हळूहळू निळं होत जायचं आणि पोरं श्वास रोखून बघत बसायची. त्यात लिंबू पिळलं की निळ्याचा जांभळा. पटांगणभर डब्यांची झाकणं मांडलेली, प्रत्येकात वेगळा रंग, वरून ढग सरकायचे आणि ते रंगांतूनही सरकायचे. घरी जाताना एसटीत माझा डोळा लागायचा. मिटल्या डोळ्यांसमोरून बैल चालत जायचे. निळे, पिवळे, घाईत नसलेले. खांद्यापर्यंत उसात बुडालेले. कंडक्टरनं हाक मारली तरी मी थोडा वेळ त्यांच्यामागेच असायचे.

अशा स्वप्नांतून माणसाला उठवायचं काम मॅनेजरचं असतं. आमचे कदम सर ते चोख करतात.

"मॅडम, आउटपुट काय दाखवणार आहात?"

"पोळा, सर."

"म्हणजे फोटो. छान. मी झूल पाठवतोय. बैलाच्या पाठीवर टाका. कंपनीचा लोगो आहे."

"कशाची आहे?"

"नायलॉनची. कडक दिसते."

"सर, मी मुलांना काय शिकवतेय, वाचलंत का?"

"वाचलं ना. म्हणून तर हिरवी सांगितली!"

आता या माणसाला काय म्हणावं? झूल आली. हिरवीगार होती. मी ती घडी करून शाळेच्या कपाटात ठेवून दिली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तनुजाला घेऊन मी तात्यांच्या गोठ्यावर गेले. हातात वाळत आलेली एक माळ होती. तात्या पाखऱ्याच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळत होते. वर्षभर जू ओढून खांदा कढतो, म्हणून पोळ्याच्या आधी बैलाचे खांदे मळतात. माझं बोलणं त्यांनी मान वर न करता ऐकलं.

"बाई, तुमच्यात पोळा असतोय का?"

"असतो की तात्या. आम्ही शेख असलो तरी बैल होते ना घरात. अम्मी पोळ्याला पुरण घालायची. पहिली पोळी बैलाला, मग आम्हाला."

"मग तुमाला कळंल. म्या हातानं बांधली हुती मथुऱ्याला माळ. ह्या हातानं." त्यांनी हळदीचा हात पुढं केला. "आता न्हाय बांधायची."

"तात्या, ही खाल्ली तरी काय हुत न्हाय," तनुजा म्हणाली.

"मग तुमच्या मॅडमना सांग, खाऊन दावा."

मी माळेतलं एक पान तोडलं आणि तोंडात टाकलं. चावलं. चव बरी होती, खोटं कशाला बोलू! गिळताना जरा त्रास झाला. तात्या माझ्याकडे बघतच राहिले.

"लई चिवट बाई हाय ही," ते नातीला म्हणाले. मग बराच वेळ खांदा चोळत राहिले. "बरं. नेतो. पर बैलानं माळंला तोंड लावलं, की तितनंच मागारी. परत कदी नाव काढायचं न्हाय."

पोळ्याच्या दिवशी दुपार कलल्यावर जोडी निघाली. गेरूची शिंगं, कपाळावर मक्याच्या सालीचे गोंडे, गळ्यात निळ्या-पिवळ्या माळा. मी बघतच राहिले. एसटीतले माझे बैल झोपेतून उठून गावात आले होते. एका बाजूला तात्या, दुसऱ्या बाजूला नव्या परकरातली तनुजा. वेशीपाशी, म्हणजे गावाच्या जुन्या दरवाज्यापाशी, गर्दीमुळे सगळे थांबले. बैलाला बैल लागून उभे.

आणि हौशानं मान वळवली. पाखऱ्याच्या गळ्यातली माळ हुंगली. जीभ फिरवली. आणि ओढली की कचकन!

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उसाचं वाढं म्हणजे बैलाचं रोजचं खाणं, मक्याची साल त्याची आवडती, आणि त्यावर आम्ही पोटभर काकवी चोपडलेली. सजावट कसली, आम्ही बैलांच्या गळ्यात जेवणाचं ताट बांधलं होतं.

पाखऱ्या कशाला मागं राहतोय! त्यानं हौशाची माळ धरली. मागच्या जोडीचा बैलही मान लांबवून आला. लोक हसायला लागले. तात्या हसले नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी हौशाच्या जबड्यात कोपरापर्यंत हात घातला आणि चावलेला लगदा बाहेर काढला.

"तात्या, मागारी नगा जाऊ," तनुजा रडत म्हणाली. "तात्या, ते वाढंच हाय. बघा तरी."

हलगीवाला थांबला. तात्यांनी लगदा बोटांनी उलगडला. पात न् पात वेगळी केली. वास घेतला. मग बोट जिभेला लावलं. सगळी वेस त्यांच्याकडे बघत होती. हौशा त्यांच्या तळहातावर नाक घासायला लागला.

तात्यांनी त्याच्या कपाळावरचा गोंडा सोडला आणि त्याच्या तोंडाशी धरला.

"खा बाबा," ते म्हणाले. "खा. तुज्यासाटीच केलंय पोरांनी."

जोडी वेशीतून गेली. मारुतीच्या देवळापर्यंत तिच्या अंगावर शिंगांच्या रंगाखेरीज काही उरलं नव्हतं. तशीच ती देवळाला वळसा घालून आली. सजावटीचा पहिला नंबर लाइटच्या माळा लावलेल्या जोडीला मिळाला. तनुजाला त्याचं काही वाटलं नाही. ती मान ताठ करून दोर धरून चालत होती.

संध्याकाळी सरांचा फोन आला. "मॅडम, फोटोत सजावट कुठाय?"

"पोटात आहे, सर."

मग त्यांनी झुलीचं विचारलं. मी रेंज नाही म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तनुजाच्या घरून फोन. पलीकडे तात्या होते.

"बाई, दोगांनी बी शेण टाकलं. रवंथ करत्यात निवांत."

आमच्या धंद्यात मुलांचं काम चांगलं झालं की आपण ते भिंतीवर लावतो. ह्या कामाचा निकाल बघायला मात्र गोठ्यात जावं लागतं, तेही सकाळी.